कंपवाताची गोळी आणि रक्तातील होमोसिस्टीन

भोर-वेल्हे भागातील आपल्या गावांत वयस्कर माणसाचा हात कापू लागला, चाल मंदावली, की "वय झाले" असे म्हणून विषय सोडून दिला जातो. प्रत्येक थरथर म्हणजे आजार नव्हे; परंतु त्यामागे कंपवात असू शकतो. डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्यास पार्किन्सन्स असेही म्हणतात. यात मेंदूतील डोपामिन कमी पडते. लेव्होडोपा या औषधाचे मेंदूत डोपामिन बनते व हालचाल सुधारते. आपल्या रानातील खाजकुइलीच्या बियांतही हेच द्रव्य असते.

या औषधाची एक बाजू सभासदांना ठाऊक असावी, म्हणून आम्ही हा लेख देत आहोत. लेव्होडोपाचा काही भाग शरीरात दुसऱ्या पदार्थात बदलतो आणि त्या क्रियेत होमोसिस्टीन तयार होते. चुलीत लाकूड जळले की राख उरते, तसेच हे. राख वेळच्या वेळी काढली तर अडचण नाही. होमोसिस्टीनची विल्हेवाट लावण्याचे काम बी-१२, फोलिक ॲसिड व बी-६ ही जीवनसत्त्वे करतात. ती अपुरी असतील तर ते रक्तात साचते. दर लिटरला १५ मायक्रोमोलपेक्षा अधिक प्रमाण वाढलेले समजतात. हृदयविकार, पक्षाघात व स्मृतिभ्रंश यांच्याशी त्याचा संबंध आढळला आहे. मात्र ते कमी केल्याने हे आजार टळतातच, असे सिद्ध झालेले नाही.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे शहर, झोपडपट्टी व खेडी येथील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी व ५८ टक्के पुरुषांत होमोसिस्टीन जास्त आढळले. म्हणजे गोळी सुरू होण्यापूर्वीच अनेकांचा साठा तोकडा असतो.

बी-१२ कमी पडल्यास पायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, तोल जातो, विसराळूपणा वाढतो. हे सारे कंपवाताच्या खात्यावर टाकले जाते आणि उपचार होऊ शकणारी उणीव तशीच राहते.

म्हणून आमचे सांगणे असे: गोळी मनाने मुळीच बंद करू नये, एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे. डॉक्टरांना बी-१२ व होमोसिस्टीन तपासण्याविषयी विचारावे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असल्यास तेही सांगावे, कारण त्यानेही बी-१२ घटते. भाकरी-भाजीत बी-१२ नसते; ते दूध, दही, अंडी, मासे व मटण यांतून मिळते. फोलिक ॲसिड पालेभाज्या व कडधान्यांत असते. जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा खाजकुइलीचे चूर्ण मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांच्या औषधांची नावे एका कागदावर लिहून ठेवावीत व दवाखान्यात जाताना तो कागद सोबत न्यावा, ही विनंती.