विश्वकिरणांचा माग

श्रोतेहो, तळहात आडवा धरा आणि सावकाश एक, दोन, तीन असे मोजा. दर सेकंदाला साधारण एक सूक्ष्म कण त्या तळहातातून आरपार जातो. दुखत नाही, खुपत नाही. अवकाशातून येणारे विश्वकिरण वर हवेवर आदळतात, आणि त्यांच्या या ठिकऱ्या खाली आपल्यापर्यंत पोचतात.

पुण्याला हा विषय नवा नाही. शिवाजीनगरच्या वेधशाळेत, म्हणजे जुन्या पुणेकरांच्या ‘शिमला ऑफिसा’त, १९४० नंतरच्या काही वर्षांत तरुण विक्रम साराभाई याच किरणांची मोजदाद करीत होते.

बहुतेक विश्वकिरण दुबळे असतात. पण १५ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेत यूटा येथे एका कणाची नोंद झाली. डोळ्यांना तर सोडाच, सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारा तो कण. पण एक किलोचा धोंडा पाच मीटरांवरून पडावा, एवढी त्याची ताकद होती! याच्या तिसऱ्या हिश्शाच्या ताकदीचा कणसुद्धा चौरस किलोमीटरमागे शंभर वर्षांत एखादाच येतो.

मग तो सापडावा कसा? एकाच वावरात वाट पाहत बसलो, तर नातवंडांच्याही हाती लागायचा नाही. तेव्हा वावरच मोठे करायचे. अर्जेंटिनात शास्त्रज्ञांनी तेच केले. दीड-दीड किलोमीटरवर एक अशा सुमारे १६०० टाक्या मांडल्या; प्रत्येकीत १२,००० लिटर शुद्ध पाणी. सारे क्षेत्र ३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा.

पाणीच का? एक बलाढ्य कण हवेत फुटला की अब्जावधी कणांची सर कित्येक मैलांवर कोसळते. त्यांतले वेगवान कण टाकीच्या पाण्यात शिरले म्हणजे निळसर प्रकाश चमकतो, आणि आत बसवलेले प्रकाशग्राही दिवे तो टिपतात. कोणत्या टाकीत चमक आधी उठली, त्यावरून कणाची दिशा कळते. एकंदर किती प्रकाश पडला, त्यावरून ताकद.

पण हे कण येतात कोठून? २०१७ साली अर्जेंटिनाच्या नोंदींवरून एवढे ठरले, की अतिबलाढ्य कण आपल्या आकाशगंगेच्या बाहेरून येतात. मात्र २७ मे २०२१ रोजी यूटात सापडलेला असाच एक कण आला, तो आकाशातल्या जवळजवळ ओसाड भागाकडून! त्याला एवढा जोर कोणी दिला, हे कोडे अजून सुटलेले नाही. गुरुजींनी ते मुलांपुढे जरूर मांडावे.