बडोद्याहून भूमध्य समुद्राकडे: कौटुंबिक उन्हाळी सहलीच्या निवडीचा मागोवा

बडोदे शहराच्या पूर्वेस असलेला वाघोडिया हा गायकवाडी अमलात बडोदे प्रांताचा एक तालुका होता. आज तो औद्योगिक वसाहत, लिमडा गावातील टायर कारखाना आणि तेथील पारुल विद्यापीठ यांमुळे ओळखला जातो. या पट्ट्यात आणि शहराला जोडणाऱ्या वाघोडिया रोडवर नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत अलीकडे उन्हाळी सुट्टीसाठी इटली, ग्रीस किंवा स्पेन यांचा विचार होऊ लागला आहे. हा विचार नवा वाटला तरी बडोद्याचा भूमध्य प्रदेशाशी, म्हणजे दक्षिण युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका यांनी वेढलेल्या समुद्राच्या किनारपट्टीशी, आलेला संबंध सव्वाशे वर्षांहून जुना आहे. या काळावर नजर टाकली तर असे दिसते की, कुटुंबाने कोणत्या बंदरी वा बेटावर जावे हे त्या त्या पिढीच्या हौसेपेक्षा त्या त्या काळाच्या बंधनाने ठरवले: कधी आगबोटीच्या मार्गाने, कधी परकीय चलनाने, कधी सहल कंपनीच्या ठरीव कार्यक्रमाने आणि आता शाळेच्या वेळापत्रकाने.

सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर मुंबईहून युरोपला जाणाऱ्या आगबोटी एडन आणि सुएझमार्गे थेट भूमध्य समुद्रात शिरू लागल्या. इटलीच्या टाचेवरील ब्रिंडिसी आणि फ्रान्सचे मार्सेय ही त्या वाटेवरची बंदरे हिंदी प्रवाशांच्या परिचयाची झाली, कारण तेथे उतरून आगगाडीने पुढे गेल्यास जिब्राल्टरचा लांबचा वळसा टळत असे. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) १८८७ मध्ये प्रथम युरोपला गेले ते याच काळात, निद्रानाशाने ढासळलेली प्रकृती सुधारावी म्हणून वैद्यकीय सल्ल्याने. महाराणी चिमणाबाई त्यांच्यासोबत होत्या. समुद्रगमन धर्मबाह्य मानले जात असताना पत्नीसह केलेला हा प्रवास बडोद्यातील कौटुंबिक परदेशगमनाचा आरंभ मानता येतो. पुढच्या प्रवासांत मुलेही असत, आणि रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्यासारखे मराठी विद्वान दरबारी सेवेच्या निमित्ताने महाराजांबरोबर युरोप पाहू शकले. मात्र या प्रवासांचे उन्हाळ्यातील मुक्काम प्रामुख्याने आल्प्सची थंड हवा आणि आरोग्यस्थाने हे होते. भूमध्य समुद्र हा तोवर वाटेचा टप्पा होता.

याचे कारण त्या काळच्या युरोपीय रिवाजातही सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीस, कान, मांतों या रिव्हिएराच्या, म्हणजे फ्रान्स-इटलीच्या भूमध्य किनारपट्टीच्या, गावांत श्रीमंत मंडळी हिवाळ्यात येत. थंडीपासून सुटका हे तिथले आकर्षण होते आणि उन्हाळा लागला की हॉटेले ओस पडत. उन्हात अंग शेकण्याची, उन्हाळ्यात समुद्रात डुंबण्याची आवड १९२० च्या दशकात रुजली. फ्रान्समध्ये १९३६ च्या कायद्याने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाल्यावर समुद्रकिनारा सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आला. आणि १९५० मध्ये ब्रिटनहून कॉर्सिका बेटावरील काल्व्ही येथे विमान, निवास आणि जेवण अशी एकत्रित सहल सुरू झाल्यावर पॅकेज टूरचा, म्हणजे आगाऊ ठरवलेल्या किमतीत संपूर्ण प्रवास विकण्याचा, धंदा वाढला. आज 'भूमध्य उन्हाळा' म्हणून जे चित्र डोळ्यांपुढे येते त्याची घडण शंभर वर्षांपलीकडे जात नाही.

बडोद्यापर्यंत भूमध्य प्रदेश दुसऱ्या वाटेनेही पोहोचला होता. १८९० मध्ये पूर्ण झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलची जमीन व्हेनिस पद्धतीच्या मोझेकची, म्हणजे रंगीत दगड-काचेचे बारीक तुकडे जोडून केलेली, आहे, आणि ऑगस्टो फेलिची या इटालियन शिल्पकाराने बडोद्यात राहून घडवलेल्या मूर्ती राजवाड्यात आजही पाहता येतात. शहरातील लोकांना इटली प्रथम दिसली ती अशी, परदेशी न जाता, घडवून आणलेल्या वस्तूंतून.

स्वातंत्र्यानंतर मार्ग बदलला, बंधनही बदलले. एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. दुसऱ्या बाजूस लॉइड ट्रिएस्टिनो या इटालियन कंपनीच्या 'आशिया' आणि 'व्हिक्टोरिया' या बोटी १९५० च्या दशकात मुंबईहून इटलीच्या बंदरांना जात असल्यामुळे विद्यार्थ्यांचे युरोपातील पहिले पाऊल अनेकदा नेपल्स किंवा जिनोआ येथे पडे. जून १९६७ पासून जून १९७५ पर्यंत सुएझ कालवा बंद राहिला आणि हा सागरी मार्ग खुंटला. परंतु मध्यमवर्गीय कुटुंबाला खरी अडचण होती ती परकीय चलनाची. सरकार मौजेच्या प्रवासासाठी अत्यल्प चलन देत असे आणि १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने ही पकड अधिक घट्ट केली. त्यामुळे परदेशी जाणारा माणूस बहुधा शिकायला, कामावर किंवा नातेवाइकाकडे जाई, आणि सहकुटुंब ग्रीसला जाण्याचा विचार कोणाच्या हिशेबात बसत नसे. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, १ जून २००० पासून परकीय चलन व्यवस्थापन कायदा लागू झाला, आणि २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'उदारीकृत प्रेषण योजना' आणली, जिच्यानुसार निवासी भारतीयास परवानगीशिवाय वर्षाला ठरावीक रक्कम परदेशी पाठवता येते. तेव्हा २५ हजार डॉलर असलेली ही मर्यादा २०१५ मध्ये अडीच लाख डॉलर झाली. चलनाची आडकाठी त्यानंतर उरली नाही; उरला तो घरातल्या खर्चाचा हिशेब.

याच संक्रमणकाळात मराठी सहल कंपन्यांनी निवडीचा भार स्वतःकडे घेतला. १९८४ मध्ये सुरू झालेली 'केसरी' आणि तिच्यासारख्या संस्था गटाने प्रवास घडवत. भाषा जाणणारा टूर मॅनेजर, भारतीय जेवण आणि आखलेला बसमार्ग ही त्यांची हमी असे. लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड या साखळीत इटलीला शेवटचे दोन-तीन दिवस मिळत आणि व्हेनिस, पिसा, रोम ही तीन नावे झाली की भूमध्य प्रदेश 'करून झाला' असे समजले जाई. समुद्रकाठी राहण्याला त्या कार्यक्रमात जागाच नव्हती. या घाईच्या विरुद्ध दिशेने जाणारे वाचन मराठीत उपलब्ध होते: मीना प्रभू यांच्या 'ग्रीकांजली', 'रोमराज्य', 'तुर्कनामा' आणि 'इजिप्तायन' या पुस्तकांनी एका देशात रेंगाळण्याची कल्पना मराठी वाचकाच्या मनात रुजवली, आणि स्वतः आखलेल्या प्रवासासाठी ती वाट तयार करणारी ठरली.

असा स्वतः आखलेला प्रवास व्यवहारात सोपा केला तो शेंगेन व्यवस्थेने. १९८५ मध्ये लक्झेंबर्गमधील शेंगेन गावी झालेल्या कराराने सदस्य देशांमधील सीमेवरची तपासणी रद्द करण्याचे ठरले. १९९५ पासून ती प्रत्यक्षात आली, इटली १९९७ मध्ये, ग्रीस २००० मध्ये, माल्टा २००७ मध्ये आणि क्रोएशिया २०२३ मध्ये तिच्यात सामील झाले. सायप्रस अद्याप बाहेर आहे. एका व्हिसावर अनेक देश पाहता येत असले तरी अर्ज मात्र सर्वांत जास्त दिवस जिथे राहायचे त्या देशाकडेच करावा लागतो, आणि मुक्काम सारखे असतील तर जिथे प्रथम प्रवेश होणार त्या देशाकडे. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांचे ४५ युरो आहे. सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही, पण मोठ्यांच्या बोटांचे ठसे, किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा आणि उत्पन्नाचे पुरावे यांची तयारी वाघोडियातील कुटुंबाला व्हिसा केंद्रासाठी अहमदाबादच्या फेरीसह करावी लागते. कारखान्यातील नोकरदाराच्या दृष्टीने एक बाब आणखी महत्त्वाची ठरते: रजा प्रवास सवलतीवरील करमाफी फक्त देशांतर्गत प्रवासाला मिळते, म्हणून परदेश प्रवासाचा सगळा बोजा बचतीवर पडतो.

गेल्या काही वर्षांत निवडीच्या निकषांत हवामान आणि राजकारण यांनी शिरकाव केला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सिसिलीतील सिराक्यूजजवळ ४८.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि जुलै २०२३ मध्ये ऱ्होड्स बेटावरील वणव्यामुळे हजारो पर्यटकांना हलवावे लागले. बडोद्याचा मे महिना सोसून थंडाव्याच्या शोधात निघालेल्या कुटुंबाला या आकड्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांवर ५ युरोचे शुल्क बसवले, तर त्याच वर्षी जुलैमध्ये बार्सिलोनात अतिपर्यटनाविरुद्ध मोर्चा निघाला. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर अनेक भारतीय कंपन्यांनी तुर्कस्तानच्या सहली विकणे थांबवले, त्यामुळे एक तुलनेने स्वस्त पर्याय अनेक घरांच्या यादीतून गळाला.

आता निर्णायक ठरतो तो सुट्टीचा काळ. गुजरातच्या राज्य मंडळाच्या शाळांना उन्हाळ्यात साधारण पाच आठवड्यांची सुट्टी मे महिन्यापासून जूनच्या पूर्वार्धापर्यंत असते, तर युरोपातील गर्दी आणि महागाई जुलै-ऑगस्टमध्ये शिगेला पोहोचते. म्हणजे वाघोडियातील मुले शाळेत परततात तेव्हा तिकडचा हंगाम भरात येतो. या विसंगतीचा लाभ मोठा आहे, कारण मेमध्ये तिकडच्या हॉटेलांची भाडी अजून चढलेली नसतात, अथेन्स किंवा रोम पायी फिरता येते आणि एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये बोटींची वेळापत्रके बिघडवणारे मेल्टेमी वारे अजून जोर धरलेले नसतात. तोटा एवढाच की समुद्र उशिरा तापतो: मेच्या उत्तरार्धात क्रीटजवळचे पाणी सुमारे २० अंशांवर असते आणि पश्चिमेकडे त्याहूनही गार, त्यामुळे मुलांनी तासन्तास डुंबायचे असेल तर क्रीट, सायप्रस किंवा दक्षिण सिसिली निवडावी लागते, आणि बार्सिलोना किंवा रिव्हिएराकडे शहरे व संग्रहालये यांच्यासाठीच पाहावे लागते. तीन आठवड्यांच्या दिवाळीच्या सुट्टीत, ती ऑक्टोबरात आली तर, हेच पाणी मेपेक्षा उबदार असते. मात्र महिनाअखेरीस अनेक बेटांवरील हॉटेले बंद होतात.

जेवणाचा प्रश्न पूर्वीइतका कठीण राहिलेला नाही. ग्रीसमध्ये उपवासाच्या परंपरेमुळे मोठ्या घेवड्याचे आणि मसूर-वाटाण्याचे पदार्थ मिळतात, इजिप्तची कोशारी ही तांदूळ, मसूर आणि मॅकरोनी यांची, आपल्या खिचडीची बहीण शोभावी अशी थाळी आहे. तरी काटेकोर शाकाहारी कुटुंबाला एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: इटलीच्या खऱ्या पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध फाडणारे द्रव्य, वापरलेले असते, आणि ते पास्त्यावर न विचारताच किसले जाते.

या मागोव्यातून निवडीचा क्रम उलटा करण्याची गरज स्पष्ट होते. आधी देश ठरवून नंतर तारखा जुळवण्याची पद्धत सहल कंपन्यांच्या काळात चालली, कारण तारखा कंपनी ठरवत असे. आता कुटुंबाने प्रथम शाळेच्या तारखा, त्या तारखांना समुद्र किती उबदार आणि शहर किती उष्ण असेल, मग व्हिसा कोणत्या देशाकडे मागायचा आणि मुलांचे जेवण कोठे सहज होईल असे प्रश्न सोडवून शेवटी नाव लिहावे. असे केल्यास पाच देशांऐवजी एकच देश आणि त्यात दोन मुक्काम हा निर्णय बहुतेक वेळा आपोआप निघतो, आणि महाराजांच्या काळी वाटेतले बंदर असलेला हा समुद्र मध्यमवर्गीय कुटुंबाच्या प्रवासात प्रथमच मुक्कामाचे ठिकाण होतो.