आधी कोणता प्रश्न विचारावा?

अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि टॉमस कुर्ट्झ ह्या दोन प्राध्यापकांनी १९६४ साली ‘बेसिक’ नावाची संगणकाची भाषा तयार केली. विज्ञान व गणित हे ज्यांचे विषय नाहीत, अशा विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. पुढे घरगुती संगणक निघाले आणि ही भाषा मुलांच्या हाती आली. १९८२ सालचा कमोडोर ६४ हा त्यांपैकीच एक. बेसिकमध्ये लिहिलेली ओळ जितक्या वेळा करावयाची, तितक्या वेळा तो ती नव्याने वाचून तिचा अर्थ लावीत असे. साहजिकच ओळीत एक प्रश्न अनावश्यक असला, तर तोही हजार वेळा विचारला जाई.

बेसिकमध्ये ‘जर’साठी ‘इफ’, ‘तर’साठी ‘देन’ आणि ‘आणि’साठी ‘अँड’ हे शब्द आहेत. समजा, १ ते १००० ह्या संख्यांतून २ ने आणि ७ नेही भाग जाणाऱ्या संख्या निवडावयाच्या आहेत. (१४ ने भागून एकाच प्रश्नात हे काम होते, हे चाणाक्ष विद्यार्थ्यांच्या ध्यानात आलेच असेल, पण येथे आपणांस दोन प्रश्नांचा हिशेब पाहावयाचा आहे.)

‘आईची परवानगी नाही,’ असे मुलाने सांगितल्यावर ‘तुला पोहता येते का?’ असे सहलीचे गुरुजी विचारीत बसत नाहीत. कमोडोरचा ‘अँड’ मात्र विचारतो! पहिले उत्तर ‘नाही’ आले, तरी तो दुसरे उत्तर काढतो आणि मगच दोहोंचा मेळ घालतो. म्हणजे प्रश्न झाले २०००.

आता ‘अँड’ काढून तेथे दुसरे ‘इफ–देन’ घालू : ‘जर २ ने भाग जातो, तर, जर ७ ने भाग जातो, तर संख्या छाप.’ पहिले उत्तर ‘नाही’ येताच संगणक ती ओळ तेथेच सोडून देतो. २ ने भाग जाणाऱ्या संख्या ५००. म्हणून प्रश्न १०००, अधिक ५००, म्हणजे १५००. आणि ७ चा प्रश्न आधी विचारला तर? ७ ने भाग जाणाऱ्या संख्या केवळ १४२ आहेत. एकूण प्रश्न ११४२! तिन्ही रीतींनी उत्तर एकच येते : ७१ संख्या. अर्थात दोहोंपैकी एका प्रश्नाला फार आकडेमोड लागत असेल, तर सोपा प्रश्न आधी घेणेही कित्येकदा फायद्याचे ठरते.

कधीकधी मात्र हा क्रम बदलताच येत नाही. ‘जर न शून्य नाही आणि १०० भागिले न हे ५ हून मोठे आहे’ असे लिहिले आणि न शून्यच निघाला, तर ‘अँड’ भागाकार करावयास जातो आणि चूक दाखवून संगणक थांबतो. शून्याचा प्रश्न आधी विचारून पुढे दुसरे ‘इफ’ घातले, की भागाकाराची पाळीच येत नाही. येथे प्रश्न गतीचा नाही, काम पुरे होण्याचा आहे.

२००२ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिक डॉट नेटमध्ये ह्यासाठी ‘अँडऑल्सो’ असा निराळा शब्द देण्यात आला. पहिले उत्तर ‘नाही’ आले, की तो दुसऱ्या प्रश्नाकडे वळतच नाही. जुना ‘अँड’ मात्र त्या भाषेतही दोन्ही प्रश्न विचारतो.