साठीनंतर हाती धरलेली लेखणी

“आता या वयात काय लिहायचं?” घरातल्या नानी-दादीला जुन्या आठवणी लिहून काढायला सांगितलं, की हे उत्तर ठरलेलं. “आम्ही कुठं शाळेत गेलो?” हे त्याच्या पाठोपाठ येणारं दुसरं. अशा वेळी आम्हाला आपल्या नाशिकच्याच लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. लहानपणीच लग्न झालं. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. अक्षरं गिरवली ती लग्नानंतर, पती कवी नारायण वामन टिळक यांच्या हाताखाली. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पाच वर्षं पतीपासून दूर राहण्याची वेळ आली. पुढं दोघं एकत्र आले. गरिबी, प्लेगची साथ, घरात वाढलेली परकी मुलं, सगळं त्यांनी निभावलं. १९१९ मध्ये टिळक गेले.

मुलगा देवदत्त यांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यांनी आईला आठवणी लिहून द्यायला सांगितलं. आई लिहू लागली आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ उभं राहिलं. पहिला भाग १९३४ मध्ये निघाला, तेव्हा लक्ष्मीबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत आजही त्याचं नाव पहिल्या रांगेत घेतलं जातं. भाषा मात्र चुलीपाशी बसून बोलावं तशी. स्वतःची फजिती, पतीचा तापट स्वभाव, उपासमारीचे दिवस, काही लपवलेलं नाही आणि कुणावर राग धरलेला नाही. पतीचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही त्यांनीच पुढं नेलं.

उर्दूतही असं एक नाव आहे: बिजनौरकडच्या अशरफुन्निसा बेगम, म्हणजे बीबी अशरफ. त्या काळी मुलींना वाचायला शिकवत, लिहायला नाही. बीबी अशरफ तव्याची काजळी पाण्यात कालवून चोरून अक्षरं गिरवत. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहिली, ती उतारवयात. लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या १८९८ मध्ये सुरू झालेल्या स्त्रियांच्या साप्ताहिकानं ती छापली.

दोघींकडं सांगण्यासारखं खूप होतं. लक्ष्मीबाईंना ते मागणारा मुलगा भेटला, बीबी अशरफना छापणारं साप्ताहिक भेटलं. आपल्या घरात हे कोण करतं? नानीचा इंतकाल होतो, चाळीसावा होतो, आणि मग सुचतं की तिला अमुक विचारायचं राहून गेलं.

म्हणून आमचं एवढंच सांगणं. “तुमचं आयुष्य लिहा” असं म्हणू नका, त्यानं कुणीही घाबरेल. एकच प्रश्न विचारा. निकाहच्या दिवशी काय घडलं? १९७२ च्या दुष्काळात चूल कशी पेटत होती? हाती एक वही द्या. उर्दू, दखनी, मराठी, जी जिभेवर असेल ती भाषा चालेल. हात थरथरत असेल तर दादीनं सांगावं, नातीनं लिहावं. शुद्धलेखन सुधारत बसू नका. आठवड्याला एक पान झालं तरी पुष्कळ. चार पानं झाली की पाचव्यासाठी दादीच चष्मा शोधू लागेल.

पण उशीर नको. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई वारल्या तेव्हा त्यांचं लिहिणं अपुरंच होतं. पुढचं काम मुलाला करावं लागलं.