दुभाष्या आणि पहारेकरी

भाईंदरच्या आमच्या घरात संगणक एकच. दिवसा त्यावर मी बिले भरतो, रात्री मुलगा खेळतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. मुलगा म्हणाला, ‘बाबा, नवा घ्यावा लागेल.’ आमचा इंटेलचा प्रोसेसर सातव्या पिढीचा. विंडोज ११ ला साधारणपणे आठवी लागते. यंत्र मात्र ठणठणीत होते.

लिनक्स फुकट, पण बहुतेक खेळ विंडोजसाठी लिहिलेले. चित्र काढ, आवाज दे, फाइल उघड, या खेळाच्या मागण्या विंडोजच्या बोलीत असतात. १९९३ मध्ये सुरू झालेला ‘वाइन’ हा प्रकल्प त्या लिनक्सला समजतील अशा करून सांगतो. त्याच्याच पायावर व्हॉल्व कंपनीने २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ आणला. डायरेक्टएक्समधले चित्रांचे हुकूम तो व्हल्कनमध्ये उतरवतो. दुभाष्या मध्ये आला की वेग सांडणार, अशी माझी खात्री होती. ‘विचर ३’ आमच्याकडे तरी पूर्वीइतकाच सुरळीत चालला.

अडले ते ‘व्हॅलोरंट’पाशी. त्याचा पहारेकरी, व्हॅनगार्ड, विंडोजच्या गाभ्यात बसून लबाडी शोधतो. लिनक्सवर तो चालतच नाही; दुभाष्या तिथे निरुपयोगी. आणि मुलाचे मीरा रोडचे मित्र रोज तिथेच भेटतात. एकट्याचा खेळ असता तर मी विंडोज पुसून टाकले असते.

शेवटी एकाच यंत्रात दोन्ही ठेवले. बँक, बिले, बाकीचे खेळ लिनक्सवर. विंडोज १० त्या एका खेळापुरते, नोंदणी करून मिळणाऱ्या वाढीव मुदतीच्या दुरुस्त्यांसह. मुदत संपली की हा वाद पुन्हा निघणार. मुलगा आतापासूनच पैसे साठवतो आहे.