नांदेड-नागपूर विमानाची रेषा माहूरवरून. पण माहूरकरांचा वेळ वाचतो का?

नकाशावर नांदेड आणि नागपूर विमानतळ पट्टीने जोडून बघा. रेषा जवळपास थेट माहूरवरून जाते. नांदेडपासून माहूर हवाई अंतराने साधारण ९५ किमी, तिथून नागपूर १८२ किमी. एकूण सुमारे २७८. रस्त्याने हेच अंतर हदगाव, उमरखेड, यवतमाळ, वर्धा करत ३४० किमीच्या आसपास भरते.

मग विमानाला किती वेळ? ताशी ८०० किमी वेग धरला तर २७८ किमीला २१ मिनिटे. प्रत्यक्षात ५० मिनिटांच्या आसपास धरावी लागतात. अंतर-वेळ सांगणाऱ्या अनेक वेबसाइट तर सरळ हिशेब करतात: अंतर भागिले वेग, अधिक अर्धा तास. हा अर्धा तास धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाण, उंची गाठणे, उतरणे आणि रांगेत थांबणे यात जातो.

छोट्या मार्गावर विमानाला पूर्ण वेग गाठायला जागाच मिळत नाही. ढोबळ नियम असा, की दर हजार फूट खाली यायला साडेपाच किमी लागतात. २० हजार फुटांवरून उतरायचे तर नागपूरच्या ११० किमी आधी, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातच उतार सुरू होतो. चढण जेमतेम संपते तोच उतरण!

आता माहूरकरांचा हिशेब. नागपूरला दवाखान्यात जायचे आहे. आधी उलट्या दिशेने नांदेड: १२५ किमी, अडीच-तीन तास. विमानतळावर किमान तासभर आधी. मग उड्डाण आणि सामान. साडेपाच तास सहज गेले, आणि त्यातही विमान आपल्याच गावावरून परत आले. आर्णी-यवतमाळमार्गे गाडीने नागपूर सव्वादोनशे किमी, साडेचार-पाच तास. विमान इथे हरते. (यवतमाळचा विमानतळ माहूरपासून जेमतेम पाऊणशे किमीवर आहे, पण तिथे नियमित प्रवासी सेवा नाही. लातूरचीही तीच गत.)

पुण्याचे मात्र वेगळे. नांदेड-पुणे हवाई अंतर सुमारे ३६५ किमी. त्याच सूत्राने ५७ मिनिटे, म्हणजे नागपूरपेक्षा फक्त सहा-सात मिनिटे जास्त. तो अर्धा तास दोन्हीकडे सारखाच! माहूरहून पुणे रस्त्याने साडेपाचशे किमीच्या वर, दहा-अकरा तासांची रपेट. नांदेडमार्गे विमानाने तेच साडेपाच-सहा तासांत. रेणुकामातेच्या दर्शनाला पुण्याहून येणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू.

या दोन्ही मार्गांवर स्टार एअरने ७६ आसनी एम्ब्रेअर विमानांची सेवा दिली आहे. प्रादेशिक मार्गांचे दिवस आणि वेळा वारंवार बदलतात. २०१७ मध्ये उडान योजनेच्या पहिल्याच दिवशी सुरू झालेली ट्रूजेटची नांदेड-हैदराबाद सेवाही पुढे टिकली नाही. त्यामुळे माहूरहून गाडी काढण्याआधी त्या दिवसाचे विमान आहे का, हे बघून घ्या.