पहिलवान गाडीचं वजन उतरवताना...

एकटे सायकल चालवताना तुम्ही कसे सुसाट जाता! पण मागे मित्र डबलसीट बसला, की निघतानाच दम लागतो. पाय तेच, सायकल तीच. वाढलं ते फक्त वजन. वस्तू जेवढी जड, तेवढा तिला पळवायला जास्त जोर लागतो आणि थांबवायलाही!

अमेरिकेतल्या 'मसल कार'चं दुखणं हेच आहे. मसल म्हणजे स्नायू. दणकट इंजिनाच्या या पहिलवान गाड्या तिकडे १९६०च्या दशकात गाजल्या. पुढे त्यांत एसी आला, स्पीकर आले, मऊ गुबगुबीत सीटा आल्या आणि पहिलवान चांगलाच सुटला. मग त्याला पुन्हा चपळ कसं करायचं? इंजिन आणखी मोठं करावं, तर तेही वजनदारच! म्हणून इंजिनिअर मंडळी वजन उतरवायच्या मागे लागली.

२०१४ सालच्या शेव्हरोले कॅमॅरो झेड-२८ची गंमत बघा. शर्यतीच्या ट्रॅकसाठी ही गाडी तयार करताना मागची काच ३.५ मिलिमीटरऐवजी ३.२ मिलिमीटर जाडीची बसवली. वाचले किती? फक्त ४०० ग्रॅम! मागची सीट हलकी केली, तिथे ४ किलो वाचले. डिकीतला गालिचा काढला. एसी? हवा असेल तर वेगळे पैसे द्या! थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ना, इथे थेंबाथेंबाने तळं उपसलं. तरीही गाडी भरली १७३३ किलो, म्हणजे सिमेंटची जवळजवळ पस्तीस पोती!

२०१८ची डॉज चॅलेंजर डेमन तर याच्याही पुढची. तिच्यात ड्रायव्हरशेजारची सीट नाही आणि मागचीही नाही. तेवढ्यानेच सुमारे ५० किलो कमी झाले. मग मित्रांना बसवायचं कुठे? गिऱ्हाइकाने मागितलं, तर कंपनी अवघ्या एका डॉलरला शेजारची सीट आणि आणखी एका डॉलरला मागची सीट देत होती.

आता एक युक्तीची गोष्ट. सगळ्या ठिकाणचं वजन सारखं नसतं बरं का! सीट नुसती पुढे जाते. चाक पुढेही जातं आणि गरागरा फिरतंही. म्हणून चाकाच्या कडेचा एक किलो इंजिनाला जवळजवळ दोन किलोंसारखा जड पडतो. फोर्डने मस्टँगच्या शेल्बी जीटी ३५०आर या गाडीला कार्बन फायबरची चाकं दिली, ती यासाठीच. धातूच्या चाकापेक्षा त्यातलं प्रत्येक चाक सहा-सात किलोंनी हलकं.

पण सगळंच काढून चालतं का? त्या झेड-२८मध्ये गाणी ऐकायचे सगळे स्पीकर काढले, तरी एक मात्र ठेवला. कशासाठी, ओळखा पाहू! सीटबेल्ट लावला नाही, तर टिंग टिंग करून आठवण द्यायला. चारशे ग्रॅमसाठी काच पातळ करणाऱ्यांनीही ती टिंग टिंग मात्र सोडली नाही. सीटबेल्ट, एअरबॅग, ब्रेक हे ओझं नव्हेच. तो जीव वाचवणारा सोबती आहे.

तुमच्या घरी गाडी असेल, तर या रविवारी आईबाबांबरोबर डिकी उघडा. विनाकारण पडून असलेलं सामान बाहेर काढा. थोडं पेट्रोलही वाचेल. स्टेपनी आणि जॅक मात्र जागच्या जागी राहू द्या हं!